फोटोशॉपमध्ये ‘विद्यार्थी’ का मोडतो?



मागच्या स्नेहसंमेलनाची प्रमाणपत्रं मी घरीच फोटोशॉपमध्ये बनवली. वर्डमधून ‘आदर्श विद्यार्थी’ कॉपी करून चिकटवलं, तर वेलांटी ‘व’च्या मागे, ‘द्य’ फुटलेला, रफार जागेवर नाही. निस्तरता निस्तरता रात्रीचे बारा वाजले. तरी घाईत दोन-तीन प्रमाणपत्रं तशीच छापली गेली. त्यातलं एक एका घरी फ्रेम करून लावलंय, मुलीच्या नावातला रफार तुटलेला. गृहभेटीला गेले की त्या भिंतीकडे बघवत नाही.

चूक टायपिंगची नव्हती. युनिकोडमध्ये ‘वि’ साठवताना आधी ‘व’, मग वेलांटी असा क्रम असतो. वेलांटी पुढे आणणं, जोडाक्षर जुळवणं, रफार वर चढवणं हे काम सॉफ्टवेअरनं फॉन्टमधले नियम वाचून करायचं असतं. फोटोशॉप इंग्रजी मांडणीवर असेल तर ते अक्षरं आली तशी रांगेत ठेवून मोकळं होतं.

उपाय सोपा आहे. तुमच्या आवृत्तीत एडिट, प्रेफरन्सेस, टाइप इथं ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ हा पर्याय असेल तर तो निवडा. थोड्या जुन्या आवृत्तीत त्याला ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ म्हणतात. फोटोशॉप बंद करून परत उघडा. आधीच बनवलेल्या डिझाइनमध्ये मजकूर निवडून पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून वर्ल्ड-रेडी कंपोझर लावावा लागतो. हे नको असेल तर गिंप हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात मराठी आपोआप नीट जुळते.

मग फ्लेक्सवाल्यांचं कसं चालतं? लातूर-नांदेडच्या बऱ्याच दुकानांत अजून श्रीलिपी, कृतिदेव असे जुन्या पद्धतीचे फॉन्ट आहेत. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात, त्यामुळे फोटोशॉपला ते इंग्रजीच वाटतं आणि काही तुटत नाही. पण तीच फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की नुसती इंग्रजी गिचमिड!

सातवीतल्या एका पोरानं विचारलं, “मॅडम, मग चिनी लोक कसं करत असतील?” त्यांची अडचण वेगळी. त्यांची अक्षरं एकमेकांना जोडत नाहीत, पण ती हजारोंनी आहेत. फॉन्टमध्ये नसलेल्या अक्षराच्या जागी रिकामी चौकट येते. शिवाय युनिकोडनं चिनी आणि जपानी अक्षरांना बऱ्याच ठिकाणी एकच कोड दिलाय. ‘सरळ’ या अर्थाचं अक्षर चीनमध्ये एका वळणाचं, जपानमध्ये दुसऱ्या. चुकीचा फॉन्ट लावला की वाचणाऱ्याला खटकतं.

आपल्याकडेही हेच होतं बघा! मराठीचा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’, हिंदीत त्यांचं वळण वेगळं, कोड मात्र एकच. शासनाच्या 2009 च्या वर्णमालेच्या निर्णयात मराठी वळण दिलेलं आहे. पण कित्येक फॉन्ट हिंदी वळण दाखवतात. माझ्या पहिलीच्या वर्गात तक्त्यावरच्या ‘लाल’ शब्दापाशी एक पोरगं अडलं, पुस्तकात तोच शब्द घडाघडा वाचणारं. मला आधी वाटलं, विसरलं. तक्ता बघितला तेव्हा कळलं. मोठ्यांना हा फरक दिसत नाही, अक्षर नुकतंच ओळखू लागलेल्या लेकराला दिसतो.

म्हणून पहिली-दुसरीच्या तक्त्याला सुबक दिसतो म्हणून कोणताही फॉन्ट घेऊ नका. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ मोफत मिळतो आणि तो मराठीसाठीच केलेला आहे. गिंपमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडता येते. फॉन्टमध्ये सोय असेल तर ‘ल’, ‘श’ लगेच बदलतात.

छापायच्या आधी मी आता एवढे शब्द टाकून बघते: विद्यार्थी, शाळा, लाल, दुसऱ्या. ‘दुसऱ्या’साठी नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडायचा, मग ‘य’. साधा ‘र’ घेतला तर ‘दुसर्या’ होतं आणि बक्षिसाच्या फलकावर ते सगळ्या गावाला दिसतं.