दोष पदार्थाचा की पाहणाऱ्याचा?

डोळ्यांनी पाहिले ते खरे, असे मानण्याची रूढी आहे. अणूंच्या जगात मात्र ती पुरेशी ठरत नाही. ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंची, एकाच अणूच्या जाडीची षट्कोनी जाळी. तिचे बळ व विद्युद्वाहकता तिच्यातील दोषांवर बऱ्याच अंशी अवलंबून असते. कोठे एखादा अणू गळालेला असतो, तर कोठे चार षट्कोनांच्या जागी दोन पंचकोन व दोन सप्तकोन झालेले असतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हे दोष अणुगणिक दाखवितो. परंतु त्याचा विद्युद्दाब सुमारे ८६ हजार व्होल्टच्या वर गेला की इलेक्ट्रॉनच्या धडकेने कार्बनचा अणूच उडू शकतो. मग चित्रातील छिद्र मूळचे, की पाहणाऱ्याने पाडलेले? २००८ मध्ये अमेरिकेतील बर्कले येथील संशोधकांनी, भिंगांतील विपथन दूर करणाऱ्या सूक्ष्मदर्शकातून, ८० हजार व्होल्टवर एकेक अणू दाखविला. तेथेही काही दोष पाहता पाहता उमटले व बुजले. साक्षीदारच घटनेत हात घालीत असेल, तर तो हात किती होता हेही त्याने सांगितले पाहिजे. विद्युद्दाब आणि झोताची मात्रा न नोंदविता छापलेले चित्र ही अर्धीच साक्ष होय.