डब्याएवढा संगणक तापतो का?

टेबलाखालचा तो मोठा खोका जाऊन आता पोळ्यांच्या डब्यापेक्षाही लहान संगणक घरोघरी आले आहेत. जागा कमी, वीज कमी, दिसायलाही सुबक! पण पदरचे पैसे घालण्याआधी पुष्कळ जणी विचारतात, "एवढासा जीव, उन्हाळ्यात तापून बंद नाही ना पडणार?"

तापतो, हे खरं. संगणक जेवढी वीज घेतो, तिची अखेर उष्णताच होते. डबा लहान, म्हणून आतला पंखाही लहान. मग तो भराभर फिरतो आणि घूं-घूं करतो. पण यांतल्या बहुतेकांत लॅपटॉपच्या जातीचा, साधारण १५ ते २८ वॅटचा प्रोसेसर असतो. मोठ्या खोक्यातला ६५ वॅटचा किंवा त्याहूनही खादाड! त्यामुळे हिशेब, टायपिंग, मुलांचा अभ्यास, सिनेमा यांना लहानग्याची हरकत मुळीच नाही. तासन्‌तास व्हिडिओचं संकलन किंवा भारी खेळ असतील, तर मात्र मोठा खोकाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत.

आतलं तापमान ९५-१०० अंशांच्या घरात गेलं, की प्रोसेसर आपण होऊन मंद चालतो. तरी भागलं नाही तर बंद पडतो. जळू नये म्हणूनच ही सोय.

ओळखीतल्या एक बाई घरी टायपिंगची कामं घेतात. एप्रिलच्या दुपारी संगणक अडखळू लागला, कामं रखडली. दुरुस्तीवाला म्हणाला, "नवाच घ्या." घेणारही होत्या! संगणक होता कुठे? टीव्हीच्या बंद कपाटात, वर क्रोशाचा रुमाल. तो उघड्यावर आणला, जाळीवरची धूळ झाडली आणि काम पूर्ववत सुरू झालं.

म्हणून आधी हवेची भोकं कुठे आहेत ते पाहा. २०२४ च्या मॅक मिनीत हवा तळातूनच आत जाते आणि तळातूनच बाहेर पडते. त्याच्याखाली जाड टेबलक्लॉथ नको. काहींची भोकं बाजूला किंवा मागे असतात. तिथे चार बोटं मोकळी सोडा. खोली तीसऐवजी चाळीस अंशांवर गेली, तर आतलाही पारा साधारण दहानेच चढतो. आमच्या विदर्भातल्या मैत्रिणींनी दुपारी हे ध्यानात ठेवावं. कूलरचा झोत मात्र थेट त्यावर नको, ओल येते. स्वयंपाकघराच्या दाराशीही ठेवू नका. फोडणीचा तेलकट धूर धुळीशी मिळून जाळीवर चिकट थर धरतो.

दोन-तीन महिन्यांनी संगणक बंद करून, प्लग काढून, कोरड्या मऊ ब्रशाने जाळी झाडावी. खोका उघडायचा तर गॅरंटीचा कागद आधी वाचा. चार-पाच वर्षांनी स्वच्छ करूनही तापत असेल, तर प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकलेली असू शकते. ती बदलायला सांगा. नव्या संगणकापुढे तो खर्च किरकोळच असतो.