संप्रेरकांसाठी दारोदार : सानपाड्यातील एक अनुभव आणि आपले कर्तव्य

सानपाड्यातील आमच्या दवाखान्यात एका बाजूने पाम बीच मार्गालगतच्या इमारतींतील नोकरदार कुटुंबे येतात, तर दुसऱ्या बाजूने तुर्भ्याच्या बाजार समितीत राबणारी माणसे. आम्लपित्त, संधिवात, पाळीच्या तक्रारी, मुलांचा खोकला असे आमचे नित्याचे काम. ज्या रुग्णाविषयी येथे लिहीत आहोत तो या नित्यक्रमात बसणारा नव्हता, आणि त्याच्या बाबतीत आमचीही चूक झाली. ती चूक लपवून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. उलट ती सांगितल्यानेच व्यवसायबंधूंना आणि औषध-दुकानदारांना काही उपयोग होईल, असे आम्हांस वाटते.

सव्वीस वर्षांची ही व्यक्ती वाशीतील एका कार्यालयात हिशेबनीस होती. कागदोपत्री पुरुष, परंतु कळत्या वयापासून स्वतःला स्त्री मानणारी. अशा व्यक्तीस आज मराठीत पारलिंगी म्हणतात. तिची मागणी स्पष्ट होती. स्त्रीत्वास अनुरूप शरीर घडावे म्हणून संप्रेरकांचे उपचार हवे होते, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हवे होते. आमच्याकडे येण्यापूर्वी ती पाच डॉक्टरांकडे जाऊन आली होती.

पहिल्या डॉक्टरांनी लग्न करून टाकण्याचा सल्ला दिला. दुसरे मानसोपचारतज्ज्ञ; त्यांनी आई-वडिलांची सही आणण्यास सांगितले, जणू सव्वीस वर्षांची व्यक्ती अज्ञान बालक आहे. तिसऱ्यांनी "असल्या केसेस आम्ही घेत नाही" एवढेच सांगितले. शुल्क मात्र घेतले. चौथ्या ठिकाणी प्रतीक्षागृहात तिचे जुने नाव मोठ्याने पुकारले गेले. बसलेली माणसे हसली, आणि ती आत न जाताच परतली. पाचवे संप्रेरकतज्ज्ञ सौजन्याने बोलले. त्यांना मानसोपचारतज्ज्ञाचे पत्र हवे होते, आणि मानसोपचारतज्ज्ञ म्हणत होते की संप्रेरकतज्ज्ञांनी मागितल्याखेरीज पत्र देणार नाही. दोन दारांमध्ये ती चार महिने हेलपाटे घालीत राहिली. दर खेपेस अर्ध्या दिवसाची रजा, लोकलचा प्रवास आणि शुल्क.

सहावे आम्ही. आम्ही हसलो नाही, हाकलले नाही. पण ऐकलेही नाही. शुक्रधातूचे क्षीणत्व असे निदान मनाशी धरून आम्ही वाजीकरणाची औषधे दिली आणि "तीन महिन्यांत मन थाऱ्यावर येईल" असे आश्वासनही दिले. म्हणजे जे तिने मागितले नव्हते, तेच आम्ही दिले. ती दोनदा आली, मग यावयाची बंद झाली. आम्ही समजलो, गुण आला असावा.

मालाडीच्या चार गोळ्या

आठ महिन्यांनी एका संध्याकाळी तिचा दूरध्वनी आला. डाव्या पोटरीत दोन दिवसांपासून वेदना आणि सूज होती. तिने विचारले, "डॉक्टर, चोळायला एखादं तेल सांगाल का?" महानारायण तेलाचे नाव आमच्या ओठांवर आले होते. परंतु एकाच पायाची सूज म्हटल्यावर सहज विचारले, "दुसरी काही औषधं चालू आहेत का?" बराच वेळ ती गप्प होती. मग तिने सांगितले की सहा महिन्यांपासून ती रोज मालाडीच्या चार गोळ्या घेत होती. मैत्रिणीकडून ऐकले होते आणि दुकानात सहज मिळत होत्या.

मालाडीच्या एका गोळीत ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्राडिऑल आणि ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असते. गर्भनिरोधनासाठी दिवसाला एक गोळी हे तिचे प्रमाण. चार गोळ्यांनी एथिनिल इस्ट्राडिऑलची मात्रा रोज ०.१२ मिलिग्रॅम होते. हे संश्लेषित इस्ट्रोजेन यकृतावर परिणाम करून रक्त गोठविणाऱ्या घटकांचे प्रमाण वाढविते. म्हणूनच पारलिंगी स्त्रियांच्या उपचारांत त्याचा वापर टाळावा असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. शिवाय लेव्होनॉरजेस्ट्रेलमध्ये सौम्य पुरुषसंप्रेरकासारखा गुण असल्याने ज्या हेतूने गोळ्या घेतल्या जातात, त्या हेतूलाही ते काही अंशी मारकच ठरते. धोका मोठा आणि लाभ तोकडा असा हा व्यवहार आहे.

आम्ही तिला पाय अजिबात चोळू नये, चालणे कमी करावे आणि त्याच रात्री रुग्णालयात जावे असे सांगितले, व स्वतः सोबत गेलो. सोनोग्राफीत पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी आढळली. गुठळी विरघळेपर्यंत व नव्या होऊ नयेत म्हणून तिला काही महिने औषध घ्यावे लागले. ती बरी झाली. त्या रात्री आम्ही मर्दनाचा सल्ला दिला असता, तर गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचा संभव होता. सूज, वेदना, उष्ण स्पर्श ही लक्षणे पाहून वातरक्त किंवा सिरागत वात म्हणून स्नेहन-स्वेदन करण्याचा मोह आपल्यापैकी कोणालाही होऊ शकतो. म्हणून हे विस्ताराने लिहिले.

नाकारल्यावर रुग्ण कोठे जातो?

डॉक्टरांनी नाकारलेला रुग्ण घरी बसत नाही. तो औषधाच्या दुकानात जातो, ओळखीच्या माणसाकडून इंजेक्शन घेतो, किंवा जाहिरात वाचून 'हार्मोन संतुलन' चूर्ण मागवितो. या तिसऱ्या वाटेचा दोष आपल्याच क्षेत्राकडे येतो. स्तनांचा आकार व घडण बदलण्याचा दावा करणाऱ्या औषधांची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत निषिद्ध आहे. आयुर्वेदीय म्हणून विकल्या जाणाऱ्या औषधात आधुनिक संप्रेरक मिसळणे, हा १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली गुन्हा आहे. शतावरी, विदारीकंद वा अश्वगंधा ही आपल्या जागी उत्तम द्रव्ये आहेत. परंतु त्यांनी पारलिंगी व्यक्तीस हवे असलेले शरीरातील बदल घडतात, असे म्हणण्यास आधार नाही. जे आपल्याजवळ नाही, ते आहे असे सांगणे ही रुग्णाची दुहेरी फसवणूक ठरते : पैसा जातो आणि काळही जातो.

योग्य उपचारांचे स्वरूपही आपण जाणून घ्यावे. पारलिंगी स्त्रियांस नैसर्गिक स्वरूपाचे इस्ट्राडिऑल आणि पुरुषसंप्रेरक रोखणारे औषध, बहुधा स्पायरोनोलॅक्टोन वा सायप्रोटेरोन, दिले जाते. पारलिंगी पुरुषांस टेस्टोस्टेरोन दिले जाते. स्तनांची वाढ साधारण तीन ते सहा महिन्यांत सुरू होऊन दोन-तीन वर्षे चालते. टेस्टोस्टेरोनने आवाज जाड होतो आणि तो बदल परत फिरत नाही. प्रजननक्षमतेवर परिणाम होत असल्याने त्याविषयी आधीच बोलावे लागते. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एक-दोनदा तपासण्या कराव्या लागतात. स्पायरोनोलॅक्टोन चालू असता पोटॅशियम व रक्तदाब, टेस्टोस्टेरोन चालू असता हिमोग्लोबिन व रक्ताचा दाटपणा पाहावा लागतो. स्वतःच्या हाताने गोळ्या घेणाऱ्याच्या वाट्यास यांतील एकही तपासणी येत नाही.

१९९२ च्या राज्य शासनाच्या अधिसूचनेचा आधार घेऊन आपल्यापैकी अनेक जण आधुनिक औषधे लिहितात. तथापि कायद्याची मुभा ही एक गोष्ट आणि विषयाचे ज्ञान ही दुसरी. ज्याने या उपचारांचे शिक्षण घेतलेले नाही, त्याने दयेपोटीही संप्रेरके लिहू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शास्त्र आणि कायदा

चरकाने शारीरस्थानातील अतुल्यगोत्रीय अध्यायात द्विरेतस्, नरषंढ, नारीषंढ इत्यादी आठ प्रकार वर्णिले आहेत; सुश्रुताच्या शारीरस्थानातही आसेक्य, सौगंधिक आदी भेद आले आहेत. ही वर्णने मुख्यतः प्रजनन व मैथुनक्षमतेच्या अंगाने केलेली असल्याने आजच्या पारलिंगी व्यक्तीवर ती जशीच्या तशी चिकटविणे योग्य नव्हे. आम्ही केलेली चूक नेमकी हीच होती : व्यक्ती समोर असताना आम्ही ग्रंथातील चौकट शोधीत बसलो. परंतु एक गोष्ट त्यातून निश्चित घेता येते. शरीर व लिंग यांतील वैविध्य आपल्या आचार्यांना अपरिचित नव्हते, आणि त्याचा विचार त्यांनी थट्टेने नव्हे, शास्त्र म्हणून केला.

आधुनिक वैद्यकाची भूमिकाही बदलली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीस मे २०१९ मध्ये मान्यता मिळाली व जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली. तीत हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला गेला. आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी नालसा प्रकरणात पारलिंगी व्यक्तींचे मूलभूत हक्क मान्य केले. २०१९ मध्ये संसदेने संमत केलेल्या व १० जानेवारी २०२० पासून अंमलात आलेल्या कायद्याच्या कलम १५ मध्ये शस्त्रक्रिया, संप्रेरक-उपचार व समुपदेशन यांच्या सोयीची जबाबदारी शासनावर टाकण्यात आली. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 'मन बदलण्याचे' उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन समजावे, असे राज्य परिषदांना कळविले. तो आयोग आधुनिक वैद्यकाचा असला, तरी "मन थाऱ्यावर येईल" असे सांगणाऱ्या आम्हांला त्यातून घ्यावयाचा तो बोध मिळाला.

कागदावरील हक्क दवाखान्यात पोहोचण्यास मात्र वेळ लागतो. बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललित साळवे यांचे उदाहरण सर्वज्ञात आहे. शस्त्रक्रियेसाठी त्यांनी २०१७ मध्ये मागितलेली रजा नाकारली गेली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि मे २०१८ मध्ये परवानगी मिळून मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात तृतीयपंथी रुग्णांसाठी ३० खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला, ही समाधानाची गोष्ट. उलट, २०२१ मध्ये हैदराबाद येथून आरंभ झालेल्या आणि पुढे ठाणे व पुणे येथे निघालेल्या 'मित्र' दवाखान्यांची सेवा जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी निधी थांबताच बंद पडली. त्या वेळी तेथील रुग्ण पुन्हा दारोदार झाले.

आपण काय करावे?

व्यवसायबंधूंनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रुग्णास कोणत्या नावाने हाक मारावी हे प्रथमच विचारावे व केसपेपरवर तेच लिहावे. स्वागतकक्षातील कर्मचाऱ्यांसही तसे सांगावे. आमच्या रुग्णाला चौथ्या दारातून परत फिरविले ते औषधाने नव्हे, हाकेने. संप्रेरके चालू आहेत का, कोणती, किती व कोणाच्या सल्ल्याने, हे न रागावता विचारावे. रागावल्यास खरे उत्तर मिळत नाही.

आपली औषधे देताना परस्परक्रियांचा विचार करावा. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यास यवक्षार वा श्वेतपर्पटी देऊ नये. दोहोंत पोटॅशियमचे क्षार असतात. ज्येष्ठमध दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते, त्यामुळे तपासणीचे आकडे फसवे ठरतात. एका पायास सूज, अचानक धाप वा छातीत दुखणे दिसल्यास अभ्यंग न करता रुग्णालयात पाठवावे. निद्रा, अग्नी, त्वचा, मनाची अस्वस्थता यांसाठी आपल्याजवळ देण्यासारखे पुष्कळ आहे. ते निःसंकोच द्यावे.

औषध-दुकानदारांस आमची विनंती अशी : एकच व्यक्ती महिन्यात मालाडीची चार-पाच पाकिटे नेत असेल, तर बाजूला घेऊन हळू आवाजात विचारावे. टेस्टोस्टेरोन, स्पायरोनोलॅक्टोन ही औषधे चिठ्ठीवाचून देऊ नयेत. मात्र केवळ "नाही" म्हणून दार लावू नये; कोठे जावे हेही सांगावे. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट आणि पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये स्थापन केलेला समपथिक ट्रस्ट यांसारख्या संस्थांनी या क्षेत्रात काम केले आहे. प्रत्येक शाखेने आपल्या परिसरातील असे संप्रेरकतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ शोधून, त्यांची संमती घेऊन, एक यादी तयार ठेवावी. आम्ही सानपाडा-वाशी-नेरूळ परिसरासाठी ती करावयास घेतली आहे. दोन तज्ज्ञांनी एकमेकांशी परस्पर बोलून पत्राचा प्रश्न सोडविण्याचे मान्य केले आहे. ज्या पत्रासाठी आमच्या रुग्णाने चार महिने हेलपाटे घातले, ते तिला अखेर एका दूरध्वनीने आठवड्यात मिळाले.

चरकाने वैद्याची वृत्ती चतुर्विध सांगितली आहे. त्यांत मैत्री आणि कारुण्य यांस पहिले स्थान आहे. औषधयोजना त्यानंतर येते. आमच्या रुग्णाचे उपचार आता योग्य हाती, रक्ताच्या गुठळीचा पूर्वेतिहास ध्यानात घेऊन, त्वचेवाटे दिल्या जाणाऱ्या इस्ट्राडिऑलने चालू आहेत. ती अजूनही आमच्याकडे येते, आम्लपित्तासाठी. मागील भेटीत आम्ही तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "डॉक्टर, त्या रात्री तुम्ही विचारलंत, म्हणून मी आज आहे. पहिल्या दिवशी विचारलं असतंत, तर गोळ्या घेतल्याच नसत्या."

यावर आम्हांस उत्तर नव्हते. वाचकांपैकी कोणाकडे असा रुग्ण उद्या आला, तर तो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला जावा, एवढ्यासाठी हा लेख.