जुन्या जीपची ओढ : इंजिनात कमी, गिअरांत अधिक

बऱ्हाणपूरहून खंडव्याच्या दिशेने निघाले की सुमारे वीस किलोमीटरवर सातपुड्याच्या डोंगरावर असीरगड दिसू लागतो. तापी आणि नर्मदा या दोन खोऱ्यांमधील वाटेवर या किल्ल्याची नजर असे. म्हणूनच त्याला दक्षिणेचा दरवाजा म्हटले गेले. १६०१ मध्ये तो अकबराच्या हाती आला. आज या भागात खाली केळीच्या मळ्यांची काळी, चिकट जमीन आणि वर डोंगराची खडी चढण आहे. जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह जीपची खरी कसोटी अशाच ठिकाणी लागते. गोव्यात कुळ्याहून दूधसागरकडे जाणाऱ्या ओढ्यांच्या वाटेवर कसोटी वेगळी नसते.

अशा चढणीवर गाडी दम टाकू लागली की मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो इंजिनाची अश्वशक्ती वाढवण्याचा. वास्तविक चढणीवर उणीव भासते ती अश्वशक्तीची नव्हे, तर कमी फेऱ्यांवर मिळणाऱ्या टॉर्कची. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. घट्ट बसलेला नट पान्याने सोडवताना हाताला जाणवतो तो. अश्वशक्ती म्हणजे हा जोर आणि फेऱ्यांचा वेग यांचा गुणाकार. पाना लांब घेतला की हाताची ताकद तीच राहूनही नट सुटतो. मात्र हात अधिक अंतर फिरवावा लागतो. गाडीत हे लांब पान्याचे काम गिअर करतात.

याचे उत्तम उदाहरण जीपच्या इतिहासातच आहे. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपचे २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन ६० अश्वशक्तीचे होते. त्याचा सर्वाधिक टॉर्क, सुमारे १४२ न्यूटन-मीटर, मिनिटाला २,००० फेऱ्यांवरच मिळे. १९४५ मध्ये याच जीपची शेतीकामासाठी नागरी आवृत्ती निघाली, तेव्हा कंपनीने इंजिन जवळजवळ तेच ठेवले आणि गिअर बदलले. मागच्या-पुढच्या अ‍ॅक्सलमधील क्राऊन-पिनियनचे प्रमाण ४.८८ वरून ५.३८ झाले, ट्रान्सफर केसमधील लो रेंज १.९७ वरून सुमारे २.४ वर गेली. गिअरबॉक्सचा पहिला गिअरही थोडा खालचा आला. तिन्ही प्रमाणांचा गुणाकार केला, तर लष्करी जीपमध्ये इंजिनाचा टॉर्क चाकांपर्यंत सुमारे २५ पट होऊन पोहोचत असे. नागरी जीपमध्ये तो ३६ पट झाला. इंजिनाला फारसा हात न लावता ओढ ४० टक्क्यांहून अधिक वाढली. पुढे मुंबईत महिंद्रने विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि भारतीय जीपची परंपरा याच घराण्यातून वाढली.

हिशेब चढणीवर करून पाहता येतो. मालासह २,००० किलो वजनाची जीप पाच मीटरला एक मीटर चढणाऱ्या वाटेवर न्यायची, तर केवळ वजन पेलण्यासाठी सुमारे ४०० किलोइतकी ओढ लागते. इंजिन १२० न्यूटन-मीटर टॉर्क देत आहे, चाकाची त्रिज्या ३६ सेंटिमीटर आहे आणि १५ टक्के जोर घर्षणात जातो, असे धरू. वरील नागरी जीपच्या प्रमाणांनुसार साध्या पहिल्या गिअरमध्ये सुमारे ४४० किलोची ओढ मिळते. खड्डा किंवा चिखल आला की ती संपली. मग क्लच घसरवत चढणे आणि क्लच जाळणे ओघाने आलेच. तोच पहिला गिअर लो रेंजमध्ये टाकला की ओढ १,००० किलोंच्या वर जाते.

ही ओढ नकळत घालवणारा सर्वांत सामान्य बदल म्हणजे मोठे टायर. २८ इंच व्यासाच्या जागी ३१ इंचांचे टायर बसवले की चाकाची ओढ सुमारे १० टक्क्यांनी घटते. ती भरून काढायची, तर क्राऊन-पिनियन त्याच प्रमाणात बदलावे लागते आणि तेही दोन्ही अ‍ॅक्सलमध्ये सारखेच. पुढे एक व मागे दुसरे प्रमाण राहिले, तर फोर-व्हील टाकताच ट्रान्सफर केसवर घातक ताण येतो. म्हणून मूळ मापाच्या टायरांवर परत येणे हाच पुष्कळदा स्वस्त उपाय ठरतो.

इंजिनात करण्यासारखे काम आहे. पण ते मुख्यतः हरवलेला टॉर्क परत मिळवण्याचे. प्रथम कॉम्प्रेशन तपासावे. रिंगा आणि व्हॉल्व्ह झिजले असतील, तर अन्य खर्च व्यर्थ आहे. त्यानंतर टॅपेटची फट, एअर फिल्टर, डिझेल गाडीत इंजेक्टर व पंपाचे टायमिंग, पेट्रोल गाडीत इग्निशनचे टायमिंग व कार्बोरेटर पाहावेत. रुंद सायलेन्सर पाइप बसवल्याने आवाज वाढतो. साध्या पेट्रोल इंजिनात कमी फेऱ्यांवरचा जोर मात्र त्याने घटूही शकतो. डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून इंधन वाढवण्याचा उपाय लोकप्रिय आहे. परंतु हवा तेवढीच राहिली, तर जादा इंधन काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते आणि इंजिन अधिक तापते. संथ चढणीवर रेडिएटरला वारा आधीच कमी मिळतो. तेथे हा उपाय हेड गॅस्केटवर बेततो.

टर्बो बसवल्याने हवा वाढते आणि टॉर्कही खरोखर वाढतो. मात्र तो भार जुनी पिस्टन, क्लच, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल यांना पेलावा लागतो. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि इंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. परवानगीविना केलेला बदल अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही अडचणीचा ठरू शकतो.

उरतो तो चालवण्याचा भाग. लो रेंज चढणीच्या मध्यावर नव्हे, तर पायथ्याशी गाडी उभी करून टाकावी. उतरतानाही तोच गिअर ठेवावा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. कोरड्या डांबरी वळणांवर मात्र अशा जीपचे फोर-व्हील काढून ठेवावे. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळे अंतर कापावे लागते आणि तो ताण सैल करणारे डिफरन्शियल मध्ये नसते. गॅरेजमध्ये पैसे मोजण्यापूर्वी हा दुसरा दांडा नीट वापरून पाहावा. गाडीची निम्मी ताकद तेथे आधीच ठेवलेली असते.