खुळखुळ्याची ओळख

भाद्रपदात पावसाचा जोर ओसरला की दिल्लीच्या रिजवर, म्हणजे अरवलीच्या त्या अखेरच्या खडकाळ कण्यावर, तसेच असोला-भट्टीच्या माळावर आणि गुरुग्रामकडच्या रेताड जमिनीत, गवतातून बारीक पिवळी फुले डोकावू लागतात. महाराष्ट्रातून तेथे जाऊन स्थायिक झालेल्या माणसाला गावाकडच्या माळाची आठवण होते. मग तो एका झाडाला तरवड म्हणतो, दुसऱ्याला टाकळा आणि तिसऱ्याला रानताग. फूल पिवळे आहे आणि शेंग धरते, एवढ्यावरून ठरविलेली ओळख बहुधा फसते.

पहिली खूण फुलाच्या घडणीत असते. तरवडाच्या आणि टाकळ्याच्या पाच पाकळ्या सुट्या पसरलेल्या असतात. खुळखुळ्याचे फूल मात्र वाटाण्याच्या फुलाच्या वळणाचे. त्यात एक मोठी पाकळी ध्वजासारखी उभी असते, दोन्ही बाजूंना दोन पंख असतात आणि खालच्या दोन पाकळ्या जुळून होडीचा आकार होतो. या होडीचे टोक चोचीप्रमाणे पुढे आलेले असते. ती हळूच उघडली तर आत तळाशी एकमेकांस जुळलेले दहा पुंकेसर दिसतात. त्यांपैकी पाचांचे परागकोश लांबट, तर पाचांचे आखूड असतात.

दुसरी खूण शेंगेची, आणि तीच अधिक सोपी. ही शेंग फुगीर असते. ती वाळली की बिया देठापासून सुटतात आणि शेंग हलविताच आत वाजतात. मराठी नाव त्यावरूनच पडले. लिनीअसने १७५३ साली या प्रजातीस 'क्रोटॅलेरिया' हे नाव दिले, तेही चिपळ्यांसारख्या वाद्याच्या ग्रीक नावावरून. त्याच माळावर ऱ्हिंकोशिया नावाची एक वेल आढळते. तिचेही फूल पिवळे व त्याच घडणीचे. परंतु तिची शेंग चपटी असते, आणि पानाच्या खालच्या अंगास सूक्ष्म ग्रंथींचे ठिपके असतात.

प्रजाती कळली तरी जात ठरवावयाची राहते. त्यासाठी पान पाहावे. तीन पर्णिका, टोकाकडे रुंद होत गेलेल्या, आणि जोंधळ्याच्या टपोऱ्या दाण्याएवढी गोल शेंग असेल, तर ती क्रोटॅलेरिया मेडिकॅजिनिया. रेतीतले ताठ फांद्यांचे झुडूप, पाने साधी व इतकी थोडी की लांबून ते निष्पर्ण भासावे, पाकळ्यांवर तांबूस शिरा, तर ती क्रोटॅलेरिया बुऱ्हिया. शेतात हिरवळीच्या खतासाठी पेरला जाणारा उंच ताग हा याच कुळातला भाऊबंद होय. शंका उरली तर जे. के. माहेश्वरी यांचा १९६३ साली प्रसिद्ध झालेला 'फ्लोरा ऑफ दिल्ली' हा ग्रंथ पडताळून पाहता येतो.

ही ओळख केवळ हौसेची बाब नव्हे. १९७०नंतरच्या दशकात त्या वेळच्या मध्य प्रदेशातील, आणि आता छत्तीसगडमधील, सरगुजा जिल्ह्यात काही खेड्यांतील लोकांची पोटे पाण्याने फुगू लागली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. बी. एन. टंडन आणि त्यांचे सहकारी यांनी या साथीचा वृत्तान्त १९७६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील ६७ रुग्णांपैकी २८ जण दगावले होते. गोंदली हे वरी-साव्यासारखे बारीक धान्य तेथील लोकांचे अन्न. त्या धान्यात खुळखुळ्याच्या एका रानटी जातीचे बी मिसळले होते. ती जात क्रोटॅलेरिया नाना असल्याचे पुढे निश्चित झाले. या बियांतील पायरोलिझिडीन वर्गातील विषामुळे यकृतातील बारीक शिरा बंद होतात, रक्त तुंबते आणि जलोदर होतो.

विषाचे प्रमाण सर्व जातींत सारखे नसते. तथापि रानातली अनोळखी शेंग खाऊ नये, मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि तिचे बी धान्यात जाऊ देऊ नये, हे पथ्य सर्वत्र पाळण्याजोगे आहे. मळणीनंतर बारीक धान्यातून हे बारीक बी निवडून काढणे अतिशय कठीण. तेच रोप शेतात फुलावर किंवा शेंगेवर उभे असते, तेव्हा जाणत्या नजरेला ते ओळखू येते आणि उपटून टाकता येते. ओळखण्याची वेळ तीच.