मोटारीचा स्टार्टर आणि हातातला फोन

कळस गावच्या शिवारात विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. रात्रीची लाइट आली की अंथरुणातूनच स्टार्टरच्या नंबरला फोन लावायचा, बटण दाबायचं, आणि दोन शेतं पलीकडची मोटार पाणी ओढू लागते. पूर्वी याच कामासाठी बॅटरी घेऊन, सापकिरडाला भीत बांधावरून जावं लागे. सोय मोठी आहे. पण फोन घरधन्यानं लावला की दुसऱ्याच कुणी, हे मोटारीला दिसत नाही. आलेला हुकूम तेवढा तिला कळतो.

ऑनलाइन क्रिप्टोचे व्यवहार करणाऱ्यांना लुटण्याचा एक प्रकार नेमका असाच चालतो. त्यात मोटारीच्या जागी तुमचा फोन असतो आणि स्टार्टर चोराच्या हातात. ही जोडणी कशी होते, चोराला काय दिसतं, पैसे कुठल्या वाटेनं जातात आणि कुठे अडवता येतात, ते इथे सावकाश पाहू.

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्विकसपोर्ट ही नावं बऱ्याच जणांनी ऐकली असतील. ही ॲप खरी आहेत, त्यांच्या कंपन्याही खऱ्या आहेत. बारामतीतला टॅलीचा जाणकार इंदापुरातल्या दुकानाचा हिशोब आपल्या खुर्चीतून दुरुस्त करून देतो, तो अशाच ॲपवर. एनीडेस्क उघडलं की नऊ किंवा दहा आकड्यांचा नंबर दिसतो. तो समोरच्याला सांगितला की तो त्याच्या बाजूनं जोडणी मागतो. मग आपल्या स्क्रीनवर परवानगीची चौकट येते आणि ‘स्वीकारा’ दाबलं की काम झालं. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं, की भामटे ग्राहकाला एनीडेस्क घ्यायला लावतात, नऊ आकड्यांचा नंबर विचारून घेतात आणि खातं रिकामं करतात.

इतक्या वर्षांत आपण ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ हे पाठ केलं. चोरानंही ते पाठ केलं आहे. तो सुरुवातीलाच म्हणतो, “सर, ओटीपी सांगू नका हं, मलासुद्धा नाही. फक्त स्क्रीनवरचा कनेक्शन नंबर सांगा.” तो नंबर ओटीपी नाही, हे त्याचं म्हणणं खरंच असतं. म्हणूनच ऐकणारा निर्धास्त होतो. आपल्याला धोक्याचं एकच नाव शिकवलं गेलं आणि धोका दुसऱ्या नावानं दारात आला.

फोनमध्ये दोन वेगवेगळ्या परवानग्या असतात. पहिली स्क्रीन दाखवण्याची. ती दिली की तुम्ही जे पाहता ते चोर पाहतो, येणारे मेसेज आणि नोटिफिकेशनसकट. यासाठी वेगळं ॲपही लागत नाही; व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्ये ऑगस्ट २०२३ पासून स्क्रीन दाखवायची सोय आहे, आणि चोर आता तीच वापरायला सांगतात. दुसरी परवानगी हाताची. अँड्रॉइड फोनमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाची सेटिंग आहे. ज्यांना नीट दिसत नाही किंवा बोटं चालत नाहीत अशांसाठी ती केलेली आहे. ती एखाद्या ॲपला दिली की ते ॲप तुमच्या वतीनं बटणं दाबू शकतं, अक्षरं लिहू शकतं. आयफोनमध्ये अशा ॲपला स्क्रीन दिसते, पण बोट चालवता येत नाही. म्हणून आयफोनवाल्याला चोर तोंडी सूचना देत राहतो आणि बटणं त्याच्याकडूनच दाबून घेतो.

आता एक उदाहरण घेऊ. पोरगा कल्पित आहे, पायऱ्या खऱ्या आहेत.

समजा, कळसमधल्या एका पोरानं डाळिंबाची पट्टी आली तेव्हा त्यातले चाळीस हजार एका एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या ॲपवर, टाकून कॉइन घेतले. भाव वाढला. विकून पैसे काढायला गेला तर विड्रॉल ‘पेंडिंग’. दोन तास झाले, चार तास झाले. त्यानं गूगलवर एक्स्चेंजचा कस्टमर केअर नंबर शोधला, टेलिग्रामच्या एका ग्रुपमध्येही ‘विड्रॉल अडकलंय’ असं लिहिलं. बऱ्याच एक्स्चेंजना फोनवर मदतच नसते, सगळा कारभार ॲपमधल्या तिकिटावर किंवा ईमेलवर चालतो. ही मोकळी जागा चोर भरून काढतात. शोधात दिसणारे खोटे नंबर त्यांनीच पेरलेले असतात. ग्रुपमध्ये लिहिल्यावर काही मिनिटांत एक्स्चेंजचं चिन्ह लावलेला ‘सपोर्ट’ स्वतःहून बोलायला येतो, तोही त्यांचाच.

फोनवरचा माणूस मराठीत किंवा सफाईदार हिंदीत बोलतो, घाई करत नाही. केवायसी अर्धवट आहे, वॉलेट ‘सिंक’ होत नाही, असं काहीतरी सांगतो. मग ॲप, नंबर, ‘स्वीकारा’. त्यानंतर म्हणतो, “एक्स्चेंजमध्ये लॉगिन करून दाखवा, मी फक्त बघतोय.”

एक्स्चेंजवरून कॉइन बाहेर पाठवायचे तर सहसा दोन-तीन कुलपं असतात. मोबाईलवर ओटीपी, ईमेलवर कोड, आणि ज्यानं लावलं असेल त्याला ऑथेंटिकेटर ॲपमधला दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड. कागदावर हा बंदोबस्त भक्कम आहे. पण आपल्या पोराचं सिमकार्ड, ईमेल आणि ऑथेंटिकेटर हे सगळं त्याच एका फोनमध्ये आहे. तिन्ही कुलपांच्या किल्ल्या एकाच जुडग्यात, आणि जुडगा चोराच्या हातात. एक्स्चेंजच्या संगणकाला काय दिसतं? नेहमीचाच फोन, नेहमीचंच इंटरनेट, बरोबर पासवर्ड, बरोबर कोड. मोटारीसारखंच, हुकूम आला आणि तो पाळला गेला. माझ्या मते या फसवणुकीचं सगळं बळ इथे आहे. चोर कुठलंही कुलूप फोडत नाही, त्यामुळे धोक्याची घंटाच वाजत नाही.

ज्यांनी कॉइन एक्स्चेंजवर न ठेवता स्वतःच्या वॉलेट ॲपमध्ये ठेवले आहेत, त्यांची गत आणखी नाजूक. अशा वॉलेटची खरी मालकी बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांच्या यादीत असते. ‘वॉलेट सिंक’च्या नावाखाली ती यादी एकदा स्क्रीनवर आली आणि चोरानं तिचा फोटो घेतला, की पुढे तुमच्या फोनचीही त्याला गरज उरत नाही. तो त्याच्या फोनवर तेच वॉलेट उघडतो. पासवर्ड बदलून काही होत नाही. नवं वॉलेट काढून उरलेले कॉइन तिकडे हलवणं हाच इलाज.

बँकेची ॲप यापेक्षा थोडी शहाणी आहेत. पुष्कळ बँकांच्या ॲपची स्क्रीन दुसऱ्याला दाखवताना काळी दिसते. अँड्रॉइड १५ मध्ये स्क्रीन दाखवत असताना ओटीपीची नोटिफिकेशनं झाकण्याची सोयही आली. पण गावात वापरात असलेले बरेच फोन जुने आहेत. आणि स्क्रीन काळी पडली तर चोर म्हणतो, “पडताळणीसाठी तुम्हीच एक रक्कम पाठवा, लगेच परत येईल.” मग पैसे मालकाच्याच बोटानं जातात. काही चोर बँकेच्या ॲपमधलं तयार असलेलं वैयक्तिक कर्जही उचलतात आणि तेच पैसे पुढे ढकलतात. शिल्लक तर जातेच, वर हप्ताही मागे लागतो.

हे आपल्याच भागात घडतं असं नाही. ब्रिटनच्या फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीनं मे २०२२ मध्ये जाहीर केलं, की जुलै २०२० पासून अशा स्क्रीन दाखवण्याच्या फसवणुकीत तिथल्या लोकांचे अडीच कोटी पौंडांहून अधिक गेले. त्यात ५९ वर्षांच्या एका बाईंची हकिगत होती. बिटकॉइनची जाहिरात पाहून त्यांनी चौकशी केली, सल्लागार म्हणवणाऱ्यांनी ‘पहिली गुंतवणूक आम्हीच करून देतो’ म्हणून एनीडेस्क घ्यायला लावलं, आणि ४८ हजार पौंडांहून जास्त रक्कम गेली. कळसचं पोरगं काय आणि त्या बाई काय, दोघांकडून दाबून घेतलेलं बटण एकच.

कॉइन गेले की कुठे जातात? बहुधा ते आधी यूएसडीटीत बदलले जातात, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेल्या कॉइनमध्ये, आणि अनोळखी वॉलेटवर पाठवले जातात. बँकेतला व्यवहार बँक अडवू शकते. ब्लॉकचेनवर, म्हणजे कॉइनच्या व्यवहारांच्या सामायिक नोंदवहीत, एकदा नोंदलेला व्यवहार कुणालाच मागे घेता येत नाही. मात्र एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. ती नोंद जगाला उघडी असते. कुठल्या पत्त्यावरून कुठल्या पत्त्यावर किती गेले, ते कुणीही पाहू शकतं. फक्त पत्त्यामागचं नाव दिसत नाही. चोर ते कॉइन केवायसी घेणाऱ्या एक्स्चेंजवर विकायला गेला तर नाव सापडू शकतं. भारतात सेवा देणाऱ्या एक्स्चेंजना मार्च २०२३ पासून मनी लाँडरिंग कायद्याच्या कक्षेत आणलेलं आहे. त्यांना वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते, ग्राहकांची ओळख ठेवावी लागते.

रुपयांची वाट वेगळी. ती दुसऱ्यांच्या खात्यांतून जाते, आणि ही खाती पुष्कळदा चार-पाच हजारांच्या आमिषानं भाड्यानं घेतलेली असतात. इथे पीटूपीवर, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला, यूएसडीटी विकणाऱ्या पोरांना कळकळीनं सांगायचं आहे. तुमचे कॉइन घेणारा जे पैसे पाठवतो, ते दुसऱ्या कुणाचे चोरलेले असू शकतात. तक्रार झाली की त्या पैशांच्या वाटेवरच्या खात्यांवर होल्ड लागतो, त्यात तुमचंही असतं. त्याच खात्यात ऊसबिल आणि दूधबिल येत असेल तर घरातला किराणासुद्धा अडतो, आणि ते सोडवायला दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं.

क्रिप्टोवर आपल्याकडे बंदी नाही. रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं निर्बंधाचं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयानं ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि त्या जुलैपासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. चोर याच आकड्यांचा फायदा घेतात. “तुमचे नऊ लाख तयार आहेत, फक्त ३० टक्के टॅक्स आधी भरा.” तो कर तुम्ही स्वतः आयकर खात्याकडे भरायचा असतो, कुणाच्या खासगी खात्यात किंवा यूपीआयवर नाही. आणि एकदा लुबाडलेल्याचा नंबर पुढे विकला जातो. मग ‘बुडालेले कॉइन परत मिळवून देतो’ म्हणणारा वकील किंवा हॅकर फोन करतो. तोही फी मागतो, तोही ॲप घ्यायला सांगतो.

समजा, आत्ता या क्षणी फोन आपोआप हलतोय. कॉल कापून भागत नाही, कारण जोडणी इंटरनेटवर चालू असते. आधी डेटा आणि वायफाय बंद करा. जमत नसेल तर फोनच बंद करा. मग घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेच्या पासबुकावर किंवा कार्डामागे छापलेल्या नंबरला फोन लावून खातं थांबवायला सांगा. लगेच १९३० लावा. हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँक सांगितली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेपर्यंत सूचना जाते, आणि तिथून काढले गेले नसतील तर ते रोखले जातात. कॉइन गेले असतील तर व्यवहाराचा हॅश, म्हणजे ब्लॉकचेनवरचा त्याचा ओळख क्रमांक, आणि समोरचा वॉलेट पत्ता लिहून ठेवा, एक्स्चेंजला त्याच्या ॲपमधूनच कळवा. ईमेलचा आणि एक्स्चेंजचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. चोराचे मेसेज पुसू नका, तेच पुरावे आहेत.

बँकेला कळवण्यात उशीर का नको, याचं कारण नियमातच आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणानं रक्कम गेली तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे फोन लावलेली वेळ हीच सीमारेषा. पोलीस ठाण्यात ‘हद्द आमची नाही’ असं उत्तर मिळालं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगा. दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता नोंदवून घ्यायची आहे. दुसऱ्याचं सोंग घेऊन संगणकावरून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

या सगळ्यात सर्वांत जास्त वेळ खाते ती लाज. पोरगा बापाला सांगत नाही, नवरा बायकोला सांगत नाही. गावात हसं होईल म्हणून दोन दिवस जातात, आणि तेवढ्यात पैसे चार खाती ओलांडून पुढे गेलेले असतात. घरातल्या मोठ्यांनी पहिला प्रश्न ‘कशाला गेलास त्या नादाला’ हा विचारू नये. ‘१९३० लावला का’ हा विचारावा.

आज रात्री जेवणं झाल्यावर घरातला प्रत्येक अँड्रॉइड फोन हातात घ्या, आईचा आणि आजोबांचासुद्धा. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडा आणि तिथे कुठली ॲप चालू आहेत ते पाहा. पीएम किसान किंवा आरटीओ चलनाच्या नावानं व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, कुणी उघडली होती का, तेही विचारा. ओळखीचं नसलेलं नाव त्या यादीत दिसलं तर ते तिथेच बंद करा, ॲप काढून टाका, आणि तेवढं झाल्यावरच फोन चार्जिंगला लावा.