कोमल गंधाराएवढं खाली

साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकांनी घरोघर जे काही आणलं, त्यात टर्नटेबलसारखी फसवी वस्तू दुसरी नसेल. मिक्सर निदान जळून तरी जाई. टर्नटेबल निमूट चालत राही, फक्त चुकीच्या वेगाने.

आमच्या पुण्याच्या घरातलं यंत्र १९७४चं, काका कायमचे परतले तेव्हा त्यांनी आणलेलं. एआर एक्सए, बोस्टनजवळच्या केंब्रिजमधल्या ॲकॉस्टिक रिसर्च कंपनीचं. एडगर व्हिलचर यांनी १९६१ साली ते बाजारात आणलं. तबकडी आणि आर्म एकाच सांगाड्यावर बसवलेले, तो सांगाडा तीन स्प्रिंगांवर तरंगता, आणि मोटर त्यापासून वेगळी, वरच्या पत्र्याला. मोटरची घरघर आणि चालणाऱ्याच्या पावलांचे हादरे सुईपर्यंत पोचू नयेत, एवढीच धडपड. आर्म उचलायला खटका नाही, रेकॉर्ड संपल्यावर आपोआप थांबणं नाही. पैसे जिथे घालायचे तिथेच घातलेत.

काकांनी सोबत स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घेतला होता. त्याने २३० व्होल्टचे ११० केले. पण आतली मोटर सिंक्रोनस. तिचा वेग व्होल्टवर नाही, हर्ट्झवर ठरतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०ची, आणि हर्ट्झ बदलणं हे ट्रान्सफॉर्मरचं कामच नव्हे. मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घ्यायची ती तबकडी आमच्याकडे पावणेअठ्ठावीस घेत होती. बावीस मिनिटांची बाजू सव्वीस मिनिटांच्या वर जाई. ६ला ५ हे गुणोत्तर म्हणजे कोमल गंधार आणि षड्ज यांतलं अंतर. काळी एकचा गवई आमच्या दिवाणखान्यात मंद्रातल्या काळी पाचमध्ये गायचा.

सिनेमाचं गाणं लावलं की कुणालाही कळे. म्हणून ती लावणंच बंद झालं. हे यंत्र शास्त्रीयसाठी आहे, असं आजोबांनी ठरवून टाकलं. विलंबित ख्याल आणखी विलंबित झाला तर तो भारदस्तच वाटायचा. किशोरी आमोणकरांचा भूप चालू असताना शेजारचे पेटीमास्तर मात्र एकदा म्हणाले, "अहो, बाईंचा आवाज पुरुषी लागतोय हो."

काकांकडे त्यावर पुरावा होता: स्ट्रोबचं कार्ड. तबकडीवर ठेवायचं, वर विजेचा दिवा धरायचा. वेग बरोबर असेल तर कार्डावरच्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. रेघा खरोखरच उभ्या होत्या. मास्तर गप्प बसले.

त्या कार्डाचा हिशेब मी फार उशिरा मांडला. कार्डही अमेरिकेतलंच, ६० हर्ट्झसाठी छापलेलं, २१६ रेघांचं. आपल्याकडचा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. तबकडी २७.८ फेऱ्यांनी फिरली, तर २१६ रेघांमधल्या सेकंदाला बरोबर १०० रेघा नजरेसमोरून जातात. म्हणजे मोटर मंद, दिवाही त्याच प्रमाणात मंद, आणि साक्षीदार दोघांच्या गावचा. भारतासाठीच्या कार्डावर १८० रेघा लागतात, पण तेही पुरतं विश्वासाचं नाही. नव्वदच्या दशकात ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४८.५च्या आसपास घसरायची. तेव्हा पेटीच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याने सूर उतरत असणार, आणि रेघा तरीही उभ्याच. २००२ साली पश्चिम विभागात फ्रिक्वेन्सीशी बांधलेली वीजदराची नवी पद्धत आली, २०१३च्या अखेरीस दक्षिणेचं ग्रिडही जोडलं गेलं, आणि आता ४९.९० ते ५०.०५च्या आत राहण्याचा नियम आहे. विजेच्या लोकांनी रसिकांवर केलेला हा उपकार कुठल्याच संगीत मासिकात नोंदलेला मी पाहिला नाही.

मध्यंतरी कॅसेटी आल्या आणि यंत्र माळ्यावर गेलं. ते उतरवलं तेव्हा तबकडी फिरवणाऱ्या पट्ट्याचं डांबर झालं होतं, बेअरिंगमधलं तेल मधासारखं चिकट. ती साफसफाई सोपी. खरं काम मोटरवरच्या पुलीचं: वेग १.२ पट हवा, तर पुली तेवढी जाड हवी. भोसरीच्या लेथवाल्याने आकडा ऐकून आधी विचारलं, "पट्टा किती जाडीचा?" पट्ट्याचा वेग त्याच्या मध्यरेषेवर मोजायचा असतो. १० मिलिमीटरच्या पुलीवर अर्ध्या मिलिमीटरचा पट्टा असेल, तर धरायचे साडेदहा, त्याच्या १.२ पट १२.६, त्यातून पट्टा वजा करून पुली १२.१ची. सरळ १२ची कातली, तर जवळजवळ एक टक्का मंद. पितळेची पुली त्याने तशी हिशेबाने कातून दिली.

बाकी जुळणी नेहमीची. शूअरने २०१८ साली कार्ट्रिज बनवणं थांबवलं, म्हणून ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई बसवलं, दोन ग्रॅम वजनावर. बऱ्याच नव्या ॲम्प्लिफायरना फोनोची सोय नसते, तो डबा वेगळा घ्यावा लागतो, आणि अर्थची तार विसरलात तर गुंजन ठरलेलं. वेग आता टेस्ट रेकॉर्डवरच्या ३१५० हर्ट्झच्या सुराने फोनवर मोजतो. फोनचं घड्याळ विजेवर अवलंबून नसतं. सुईवर पाच आकडी रक्कम घालून वेग कधीच न मोजणारे हौशी लोक मला भेटलेत, आणि त्यांच्याशी वाद घालायचं मी सोडून दिलंय.

मूळ पुलीवर ४५ फेऱ्यांचा दुसरा टप्पा होता, नव्या पुलीवर तो नाही. नाट्यगीतांच्या काही ईपी त्यामुळे अडून आहेत. लेथवाला आता चाकणला गेलाय.